सहाशे डॉलर्सचं स्वप्न : स्टाइनबेकच्या रँचवर माणसं एकटी का राहतात

सहाशे डॉलर्स. दहा एकर जमीन, एक लहानसं घर, पवनचक्की, कोंबड्यांचं खुराडं, चेरी, सफरचंद, पीच, जर्दाळूची थोडी झाडं, लसूणघासाचा एक तुकडा आणि त्याला पुरेल इतकं पाणी. अमेरिकन साहित्यातलं बहुधा सगळ्यात जास्त शिकवलं जाणारं मोडलेलं स्वप्न आहे हे, आणि त्याची किंमत पुस्तकात चक्क आकड्यात लिहिलेली आहे. आज तो हिशोब मांडू. तो मांडला की रँचवरचा एकटेपणा नेमका कुठून येतो ते दिसायला लागतं.

नमस्कार मंडळी. पुस्तक आहे जॉन स्टाइनबेकचं 'ऑफ माइस अँड मेन', १९३७ सालचं. जेमतेम शंभर पानांचं, सहा प्रकरणांचं. मी शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. ज्यांना आधी वाचायचंय त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा आणि वाचून परत या. एका बैठकीत होतं.

[स्क्रीनवर : कॅलिफोर्नियाचा नकाशा, सलिनास खोरं]

हे सलिनास खोरं. स्टाइनबेक इथलाच, १९०२ साली सलिनास गावात जन्मलेला, आणि तरुणपणी इथल्या रँचवर त्यानं स्वतः काम केलेलं. गोष्ट घडते सोलेदाद गावाजवळच्या एका रँचवर, गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंत. जॉर्ज आणि लेनी नावाचे दोन मजूर तिथे कामाला येतात. सुरुवातीला सांगितलेली दहा एकर जमीन हे या दोघांचं स्वप्न. जॉर्ज बुटका, चपळ, डोकं चालणारा. लेनी धिप्पाड, प्रचंड ताकदीचा, पण बुद्धी लहान मुलाची. त्याला मऊ वस्तू कुरवाळायला आवडतात आणि आपल्या हातात किती जोर आहे याचा त्याला अंदाज येत नाही.

सुरुवातीलाच दोन गैरसमज बाजूला ठेवू, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही ते हमखास सापडतात. पहिला, रँच म्हटलं की गुरं हाकणारे काउबॉय डोळ्यांसमोर येतात. इथे काम जवाचं आहे. पोती उचलायची, खेचरांच्या गाड्यांवर चढवायची. दुसरा, ही धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या ओक्लाहोमाच्या कुटुंबांची गोष्ट आहे असं धरून चालणं. ते त्याचं १९३९चं पुस्तक, 'द ग्रेप्स ऑफ राथ'. तिथे आजी-आजोबांपासून लहान पोरांपर्यंत अख्खं घर रस्त्यावर येतं. इथे घर असलेलं कुणी नाहीच. एकेकटे पुरुष, पाठीवर वळकटी, या रँचवरून त्या रँचवर. दोन्ही पुस्तकांतली गरिबी सारखी वाटली तरी एकटेपणाची जात वेगळी आहे.

आता बंकहाउसमध्ये जाऊ, म्हणजे मजुरांच्या झोपण्याच्या खोलीत. दुसरं प्रकरण तिथेच उघडतं आणि बहुतेक वाचक तो परिच्छेद घाईत ओलांडतात. कृपा करून ओलांडू नका.

लांबट खोली. भिंतींना चुना, जमिनीच्या फळ्यांना रंगही नाही. आठ बंक, म्हणजे झोपायच्या फळ्या. पाचांवर ब्लँकेटं, उरलेल्या तिघांचं गोणपाट उघडं पडलेलं. प्रत्येक बंकच्या वर भिंतीला सफरचंदाचं एक खोकं ठोकलंय, तोंड पुढे करून, म्हणजे त्याचे दोन खण होतात. माणसाची सगळी मालमत्ता त्या दोन खणांत : साबण, पावडर, वस्तरा, औषधाच्या बाटल्या, कंगवा, काउबॉयच्या गोष्टींची मासिकं. खोक्याला दार नाही, कुलूप नाही.

जॉर्जला जो बंक मिळतो, त्याच्या खोक्यात त्याला कीटकनाशकाचा डबा सापडतो. तो लगेच संशयानं विचारतो, इथे आधी कोण झोपायचं? झाडलोट करणारा म्हातारा कँडी सांगतो, एक लोहार होता, फार स्वच्छ माणूस, जेवण झाल्यावरसुद्धा हात धुवायचा. मग गेला का? गेला, जशी माणसं जातात तसा. जेवण बरं नाही म्हणाला, आणि एका रात्री हिशोब मागून निघून गेला. बस्स. त्या लोहाराची रँचवर राहिलेली खूण म्हणजे एक डबा आणि त्याच्या स्वच्छतेची आठवण.

याच खोलीत पुढे व्हिट नावाचा तरुण मजूर एक मासिक घेऊन येतो आणि त्यातलं वाचकाचं एक पत्र दाखवतो. पत्र लिहिणारा बिल टेनर तीन महिन्यांपूर्वी याच रँचवर होता. पत्रात काहीच नाही, मासिक आवडतं, अमुक लेखकाच्या गोष्टी आणखी छापा, एवढंच. पण व्हिट ते मोठ्यानं वाचायला लावतो, जॉर्जनं बघायला मागितलं तरी मासिक हातातून सुटू देत नाही, आणि शेवटी ते जपून आपल्या खोक्यात ठेवून देतो. आपल्यातल्या एकाचं नाव छापून आलं! हा माणूस इथे होता, याचा कागदी पुरावा! मला विचाराल तर संपूर्ण पुस्तकात एकटेपणावर लिहिलेली सगळ्यात अचूक अर्ध्या पानाची जागा हीच आहे, आणि तिच्यात 'एकटा' हा शब्दसुद्धा येत नाही.

हा एकटेपणा तयार कसा होतो? हे मनाचं नाही, व्यवस्थेचं काम आहे, आणि तिचे सांधे पुस्तकात स्पष्ट दिसतात. सॅन फ्रान्सिस्कोतली कामं लावून देणारी एजन्सी माणसाला एक चिठ्ठी आणि बसचं तिकीट देते. तो रँचवर येतो. राहायला बंक, जेवण तिथल्या भटारखान्यात, पगार महिन्याचे पन्नास डॉलर्स. शनिवारी रात्री गावात जायचं. तिथे सूझीचं घर आहे, दारूचा एक पेला पंचवीस सेंट, बाईजवळ जायचं तर अडीच डॉलर्स. दुसरं एक घर आहे क्लाराचं, तिथे दर तीन डॉलर्स आणि पस्तीस सेंट. व्हिट हे दरपत्रक अगदी गंभीरपणे समजावून सांगतो. सूझीकडे नुसतं आरामखुर्चीत बसून एक पेला घेतला तरी ती बाहेर काढत नाही, ही त्याच्या लेखी मोठी गोष्ट. नीट बघा, तो पैसे शरीरासाठी मोजतो त्याहून जास्त एका खुर्चीसाठी आणि हसून बोलणाऱ्या माणसासाठी मोजतो.

मग हात रिकामा. वळकटी बांधायची, पुन्हा एजन्सी, पुन्हा चिठ्ठी.

आता हिशोब.

[स्क्रीनवर : ६०० ÷ ५० = १२]

जमीन सहाशेची, पगार पन्नासचा. कुणी पै न पै साठवली तर बारा महिने. तंबाखू, कपडे, कामाविना गेलेले आठवडे धरले, तर दोन किंवा तीन वर्षं. अशक्य मुळीच नाही! आणि तरीही क्रुक्स, तबेल्यातला काळा मजूर, सांगतो की पाठीवर वळकटी आणि डोक्यात जमिनीचा तुकडा असलेली शेकडो माणसं मी बघितली, तो तुकडा एकालाही मिळाला नाही. का नाही मिळाला? कारण एकटा माणूस शनिवारची रात्र बंकवर बसून काढू शकत नाही. जमीन घेतली तर एकटेपणा संपेल, आणि जमिनीचे पैसे खातो तोच एकटेपणा. ही गाठ समजली की पुस्तकातली निम्मी वाक्यं आपोआप उलगडतात.

म्हणूनच जॉर्ज-लेनीची जोडी सगळ्यांना खुपते. मालक जॉर्जला तोंडावर विचारतो, या माणसात तुझा काय फायदा? याचा पगार तू खातोस का? एका मजुरानं दुसऱ्यासाठी एवढी तसदी घेतलेली मी कधी बघितली नाही, असं तो म्हणतो. जॉर्ज घाबरून खोटं सांगतो की हा माझा चुलतभाऊ आहे, लहानपणी घोड्यानं डोक्यात लाथ मारली. म्हणजे दोन माणसं एकत्र फिरतात ही गोष्ट रँचवर इतकी संशयास्पद आहे की ती पचायला रक्ताचं नातं बनवावं लागतं.

तिसऱ्या प्रकरणात हिशोब जुळतो. जॉर्ज लेनीला नेहमीची गोष्ट सांगत असतो, आपलं घर, आपले ससे, आणि कँडी कोपऱ्यातून ऐकत असतो. तो म्हणतो, मी पैसे घालतो. या रँचवर त्याचा उजवा हात गेला, त्याचे अडीचशे मिळाले. बँकेत आणखी पन्नास. महिनाअखेरीला आणखी पन्नास येणार. साडेतीनशे झाले. जॉर्ज आणि लेनीनं महिनाभर काही खर्च केलं नाही तर त्यांचे शंभर. साडेचारशे. जमिनीचे मालक म्हातारे नवरा-बायको, पैशानं पार बुडालेले, म्हातारीचं ऑपरेशन करायचंय, तेव्हा एवढ्यावर सौदा होईल असं जॉर्जला वाटतं. उरलेलं तो नोकरी करून फेडणार.

सहाशेमधले अडीचशे, म्हणजे स्वप्नातला सगळ्यात मोठा एकरकमी वाटा, ही एका हाताची किंमत आहे. पाच महिन्यांचा पगार. आणि याच प्रकरणात, थोड्याच वेळानं, मालकाचा मुलगा कर्ली लेनीला मारायला धावतो आणि लेनी त्याचा हात चिरडून टाकतो. स्लिम नावाचा मानाचा मजूर कर्लीला बजावतो, हात यंत्रात सापडला असं सांग. म्हाताऱ्या मजुराचा हात खरोखर गेला होता, तेव्हा त्याची किंमत ठरली. मालकाच्या मुलाच्या हाताला ती खोटी कहाणी उसनी द्यावी लागते. स्टाइनबेकनं यावर एक शब्दही टिप्पणी केलेली नाही. दोन्ही हात शेजारी ठेवले आणि पुढे गेला.

आणि कँडीचा कुत्रा याच प्रकरणात मरतो. म्हातारा, आंधळा, वास मारणारा कुत्रा, पिल्लू असल्यापासून त्यानं वाढवलेला. कार्लसन नावाचा मजूर म्हणतो गोळी घालू, याला बघवत नाही. कँडी स्लिमकडे बघतो, स्लिमही हो म्हणतो. कार्लसन लुगर पिस्तूल घेऊन कुत्र्याला बाहेर नेतो, खोलीत कुणी कुणाकडे बघत नाही, आणि मग आवाज येतो. नंतर कँडी जॉर्जला सांगतो, माझा कुत्रा मीच मारायला हवा होता, परक्याला मारू द्यायला नको होता. शेवटासाठी लागणारं सगळं सामान इथेच रचून ठेवलंय : तेच पिस्तूल, मानेमागची तीच जागा, तोच नियम. आणि कँडी साडेतीनशे पुढे करतो तो याच रात्री, कुत्रा गेल्यानंतर. वाचताना हा क्रम पेन्सिलनं खुणा करून ठेवा.

चौथं प्रकरण मात्र सावकाश वाचायचं. शनिवारची रात्र, धडधाकट पुरुष सगळे गावात गेलेत. क्रुक्सची खोली म्हणजे घोड्यांचा साज ठेवायची, तबेल्याला टेकून बांधलेली खोली. पेंढा भरलेल्या खोक्यावर त्याचं अंथरूण. फळीवर औषधं आहेत, माणसाची आणि घोड्यांची शेजारी-शेजारी. एक फाटका शब्दकोश आणि १९०५ सालच्या कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची झिजलेली प्रत. या माणसाला बंकहाउसमध्ये यायला बंदी आहे, कारण तो काळा. अंगणात नाल फेकायच्या खेळात घेतात, कारण तो खेळतो छान. पत्त्यांच्या टेबलाशी नाही. आणि त्याच्या फळीवर कायद्याचं पुस्तक! आपला हक्क नेमका कुठे संपतो हे त्याला पक्कं माहीत असणार, इतकंच मला त्यातून दिसतं.

लेनी दारात येतो. क्रुक्स आधी हाकलतो, मग आत घेतो, आणि मग काय करतो? त्याला छळतो. जॉर्ज परत आलाच नाही तर? त्याला काही झालं तर? लेनी पिसाळून अंगावर येईपर्यंत तो थांबत नाही. आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी खाली दाबलं, त्याला पहिल्यांदा आपल्याहून दुबळा माणूस सापडलाय. मग शांत होऊन तो खरं बोलतो : माणसाला जवळ कुणी नसलं तर तो वेडा होतो. रात्री काही दिसलं तर ते खरंच होतं की भास, हे विचारायला शेजारी माणूस नसतो. पुस्तकं कामाची नाहीत.

कँडी येतो, आकडे सांगतो. आणि शेकडो स्वप्नं मोडलेली बघितलेला क्रुक्स हळूच म्हणतो, तुम्हाला फुकट राबणारा एक माणूस हवा असेल, नुसत्या जेवणावर, तर मी येईन.

तेवढ्यात कर्लीची बायको दारात उभी राहते. तिला पुस्तकभर नाव नाही. सलिनासमध्ये वाढलेली पोर. एका फिरत्या नाटकवाल्यानं चल म्हटलं होतं, आईनं जाऊ दिलं नाही. मग डान्स हॉलमध्ये घेऊन गेलेल्या एकानं सिनेमात घालतो, पत्र लिहितो असं सांगितलं. पत्र आलं नाही. ते आईनं चोरलं असं तिला वाटतं, आणि त्या रागात तिनं कर्लीशी लग्न केलं. लग्नाला दोन आठवडे झालेत. तिला 'नटवी खलनायिका' म्हणून उडवून लावणं ही या पुस्तकाची सगळ्यात वाईट वाचनाची पद्धत. ती आत येते ती बोलायला माणूस हवं म्हणून. सगळे दुबळे मागे ठेवून गेले, हे तीच ओळखते. आणि तरीही क्रुक्स तिला बाहेर जा म्हणतो तेव्हा ती त्याला सांगते, माझ्या एका शब्दावर तुला झाडाला लटकवतील. ती धमकी पोकळ नव्हती, त्या काळच्या अमेरिकेत काळ्या माणसाला झुंडीनं मारायला गोऱ्या बाईचा आरोप पुरायचा. क्रुक्स भिंतीला चिकटतो, आवाजातला जीव जातो. ती गेल्यावर तो कँडीला म्हणतो, मी मघाशी बोललो ते विसर, गंमत केली.

रँचवरची चार सगळ्यात एकटी माणसं एका खोलीत जमली होती, आणि त्यांना एकमेकांची गरज होती. मालक तिथे नव्हता, कर्ली नव्हता. तरीही प्रत्येकानं हाताला लागलेला अधिकार वापरला, आणि तो फक्त खालच्या दिशेनंच वापरता येत होता.

रविवार दुपार. बाहेर नाल फेकण्याचा खेळ चाललाय, त्याचा खणखणाट तबेल्यात ऐकू येतो. लेनीच्या हातून स्लिमनं दिलेलं कुत्र्याचं पिल्लू मेलंय. कर्लीची बायको त्याच्याशी बोलत बसते, केस किती मऊ आहेत म्हणून हात लावू देते, मग घाबरते, ओरडते. लेनी तिला गप्प करायला जातो आणि तिची मान मोडते.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. प्रेत बघितल्यावर कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं तरी जाऊ ना तिथे? कँडीचे साडेतीनशे जागच्या जागी आहेत. जॉर्जचा पगार येणार आहे. लेनीचे पन्नास वजा करा, तरी सौदा हाताबाहेर गेलेला नाही. आणि जॉर्ज सांगतो, हे व्हायचं नाही असं मला पहिल्यापासून माहीत होतं बहुतेक. त्याला ऐकायला इतकं आवडायचं की मलाही खरं वाटायला लागलं. आता महिना भरेन, पन्नास डॉलर्स घेईन, आणि रात्रभर कुठल्यातरी वेश्याघरात बसेन.

पैसे नव्हते म्हणून स्वप्न मोडलं, असं उत्तर म्हणूनच चुकतं. पैशांची अडचण लेखकानं तिसऱ्या प्रकरणातच दूर केली होती. जमिनीवर विश्वास ठेवणारा माणूस गेला, आणि विश्वास फक्त त्याच्याकडेच होता. आकडे जॉर्जकडे होते. त्या संध्याकाळी नदीकाठी जॉर्ज लेनीला सशांची गोष्ट शेवटची सांगतो आणि कार्लसनच्या पिस्तुलानं मानेमागे गोळी घालतो. झुंडीच्या हाती पडू देत नाही. स्लिम त्याला दारू प्यायला घेऊन जातो. पन्नास डॉलर्स खर्च व्हायला सुरुवात झाली.

याला जोडून वाचायचं असेल तर अ‍ॅनी प्रूची 'ब्रोकबॅक माउंटन' घ्या, १९९७ची कथा, वायोमिंगमधली. १९६३च्या उन्हाळ्यात जॅक आणि एनिस हे दोन तरुण डोंगरावर मेंढ्या राखतात आणि एकमेकांत गुंततात. जॅकचं स्वप्न तेच आहे, दोघांची लहानशी रँच, थोड्या गाई. तिथेही पैसे अडत नाहीत. एनिसला लहानपणी बापानं मुद्दाम नेऊन दाखवलेलं एक प्रेत आडवं येतं, एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाचं. रँच बदलली, साल बदललं, पण दोन पुरुषांनी एकत्र राहणं संशयाचंच राहिलं.

शेवटी कँडीबद्दल, कारण चर्चेत तो नेहमी सुटतो. जॉर्जसाठी दुसरी रँच आहे. कँडीसाठी नाही. झाडलोट जमेनाशी झाली की मला काढून टाकतील आणि सरकारी आश्रयाला पाठवतील, असं तो स्वतःच सांगतो. ही म्हाताऱ्याची कुरकुर नव्हती. अमेरिकेनं १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा केला, म्हातारपणच्या पेन्शनची सोय केली, आणि शेतमजुरांना त्यातून वगळलं. त्याच वर्षी कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा आला, त्यातूनही शेतमजूर बाहेर. पेन्शनच्या कायद्यात नियमित शेतमजूर आले १९५०च्या दुरुस्तीनं. कँडीकडे हाताचे अडीचशे होते, आणि ते ज्यांच्यासोबत खर्च करायचे ती माणसं रविवारी संध्याकाळपर्यंत संपली होती.